मराठी शाळेतलं पोरगं आणि मोबाईल, स्मार्ट बोर्ड, कॉम्प्युटर: बेळगाव भागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

शाळा उघडायच्या टायमाला आणि परत एकदा परीक्षेच्या आधी हेच प्रश्न फिरून फिरून येतात, व्हाट्सअपवर येतात, एसडीएमसीच्या (शाळेवर देखरेख ठेवणारी पालकांची समिती) मीटिंगमध्ये येतात, कुणी बाजारात गाठून पण विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी माध्यमाची शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पुण्यामुंबईच्या शाळेला यातलं अर्धं लागू होणार नाही. आपली पोरं मराठीतून शिकतात पण सिलॅबस कर्नाटकचा, परीक्षा एसएसएलसीची (कर्नाटक बोर्डाची दहावी), त्यामुळं तिकडचं सगळं जसंच्या तसं इकडं बसत नाही. खालचे निम्मे प्रश्न याच एका कारणामुळं पडलेत बगा.

प्रश्न: पोरगं यंदा पहिलीला जातंय, टॅब घेऊ का?

नको. स्पष्टच सांगतो, पहिली ते तिसरी टॅबची काही गरज नाही. या वर्गांना आपल्याकडं नलीकली पद्धत आहे, म्हंजे कार्डं, चित्रं, गट करून बसणं, भिंतीवर शिडीचा तक्ता लावलेला आणि पोरगं आपल्या वेगानं एक एक पायरी चढतंय. मैसूर जिल्ह्यात हेग्गडदेवनकोटेला १९९५ च्या सुमारास हे सुरू झालं आणि नंतर राज्यभर गेलं. यात पडदा कुठंच नाही, पण मला विचाराल तर शिकवायची ही सुद्धा टेक्नॉलॉजीच आहे, आणि वीज गेली तरी चालणारी.

तुमच्या फोनवर एक करता येतं. गुगलचं रीड अलाँग म्हणून फुकट ॲप आहे, मराठी निवडलं की पोरगं मोठ्यानं वाचतंय आणि ते ऐकून चूक झाली तर सांगतं. एकदा गोष्टी डाऊनलोड केल्या की नेट नसलं तरी चालतं. रोज दहा-पंधरा मिनिटं, तेही तुम्ही शेजारी बसून. फोन हातात देऊन आई चुलीकडं गेली की पोरगं दोन मिनिटांत कार्टूनवर पोचलेलं असतं, हे सांगायला नको.

प्रश्न: पहिली ते दहावी काय काय बदलतं ते एकदाच सांगा की.

सरळ रेषेत बदलत नाही हे आधी लक्षात घ्या. पहिल्या तीन वर्षांत पाटी आणि कार्डं. चौथी-पाचवीला सरकारी शाळांत गणिताची पेटी येते, गणित कलिका आंदोलन म्हणतात त्याला, त्यात मणी, ठोकळे, अपूर्णांकाच्या पट्ट्या, घड्याळ असलं सगळं असतं. ही पेटी फार चांगली आहे आणि फार शाळांत कपाटात कुलूपबंद असते, कारण ठोकळा हरवला तर हिशोब कोण देणार. पालकांनी मीटिंगमध्ये नुसतं विचारलं, बाई ती पेटी काढता काय, तरी फरक पडतो.

सहावी-सातवीला कुठं कुठं टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर असतो, आठवड्यात एखादा तास. कॉम्प्युटर असला तर एकावर सात-आठ पोरं, एकजण माऊस धरणार आणि बाकीचे खांद्यावरून बगणार. या वयात पोरांना काय आवडतं तर काहीतरी करून बगणं, आणि नेमकं तेच होत नाही.

खरा धक्का आठवीला बसतो. आपल्याकडं गावची शाळा बऱ्याच ठिकाणी सातवीपर्यंत, मग हायस्कूल दुसऱ्या गावाला, सायकल नाहीतर बस. तिथं लॅब असते, कॉम्प्युटरचा वेगळा तास असतो, विषयाला वेगळे सर असतात आणि हे सगळं एकदम अंगावर येतं. शहरातल्या पोराला जे पाचवीपासून थोडं थोडं मिळालं ते गावच्या पोराला आठवीत एका जूनमध्ये. सहावी-सातवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत जरा कीबोर्डवर हात बसवून घ्या, फोल्डर म्हंजे काय, सेव्ह करणं म्हंजे काय एवढं जरी कळलं तरी पहिले दोन महिने पोरगं घाबरून मागच्या बाकावर बसत नाही. काही शाळांत केंद्राच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आहे, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, छोटे सर्किट बोर्ड असतात. हायस्कूल निवडताना अशी लॅब आहे काय आणि असली तर पोरं तिला हात लावतात काय, दोन्ही विचारा.

नववीत गंमत असते आणि दहावीत परत सगळं वहीपेनावर येतं, कारण परीक्षा पेनानं लिहायची आहे. लॅबचा तास पण गणिताला जातो. यात चूक कुणाची नाही, सगळा खेळ बोर्डाच्या मार्कांचा आहे.

प्रश्न: शाळेला स्मार्ट बोर्ड आलाय, फोटो पण निघाला, पण बंदच असतो. का?

याची कारणं शाळागणिक वेगळी असली तरी फिरून तिथंच येतात. पावसात करंट टिकत नाही. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते आणि नवीनला पैसे कुठल्या खात्यातून हे कुणाला माहीत नसतं. ज्या सरांनी ट्रेनिंग घेतलं त्यांची बदली झाली. दोन शिक्षकांची शाळा असेल तर एकजण कायम कुठल्यातरी माहिती भरण्यात, दुसरा चार वर्ग सांभाळणार, तो बोर्ड कधी चालू करणार.

आणि मोठं कारण, जे मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही: बोर्डात भरून आलेलं सगळं कन्नडात नाहीतर इंग्लिशमध्ये असतं. ट्रेनिंग पण कन्नडात. बऱ्याच मराठी शिक्षकांना कन्नड चांगलं येतं, ते ट्रेनिंग घेऊन येतात, पण पाचवीच्या वर्गात कन्नड व्हिडिओ लावून तो मराठीत समजावून सांगायचा म्हंजे फळ्यावर चित्र काढण्यापेक्षा दुप्पट मेहनत. मग बोर्डावर कापड पडतं. यात कुणावर राग काढून उपयोग नाही, मराठीतला मजकूर पेन ड्राईव्हवर गोळा करून दिला की तोच बोर्ड चालू होतो, हे होताना बगितलंय.

हे नवीन पण नाही. कर्नाटकात हायस्कूलला कॉम्प्युटर द्यायची माहिती सिंधू योजना २००१ च्या सुमारास आली, केंद्राची आयसीटी योजना डिसेंबर २००४ ला. त्याच वर्षी इस्रोनं शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला, आणि त्या प्रकल्पाच्या सुरवातीच्या चाचणीत आपल्या मच्छेची व्हीटीयू (इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) होती, म्हंजे बेळगावच्या दारात इंजिनिअरिंगच्या पोरांना उपग्रहावरून लेक्चर चाललेलं. मशीन येतंय, तीन-चार वर्षं चालतंय, मग दुरुस्तीविना पडून राहतंय आणि पुढची योजना येते. म्हणून एसडीएमसीत असाल तर नवीन काय मिळणार हे विचारण्याआधी जुन्याची दुरुस्ती कोण करणार आणि वॉरंटी कधीपर्यंत आहे ते ठरावात लिहून घ्या.

प्रश्न: पुस्तकावर चौकोनी क्यूआर कोड असतो त्याचं काय करायचं?

दीक्षा ॲप टाका, फुकट आहे, २०१७ पासून चालू आहे. कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, सराव प्रश्न असलं काहीबाही उघडतं. पुस्तक जुनं, मळलेलं असलं आणि कॅमेऱ्यानं कोड घेतला नाही तर खाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात ते टाईप करा, तेच उघडतं. हे फार लोकांना माहीत नाही, आणि आपल्याकडं पुस्तकं वर्षभरात काय अवस्थेला येतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता खरी अडचण. बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी निवडलं तर कधी कधी पानच रिकामं येतं नाहीतर कन्नड व्हिडिओ येतो. मग सेटिंगमध्ये बोर्ड महाराष्ट्र करा, माध्यम मराठी, आणि धड्याच्या नावावर न जाता विषयाच्या नावावर शोधा. प्रकाशाचं परावर्तन सगळीकडं सारखंच होतंय.

पुस्तकांत क्यूआर कोड टाकायची कल्पना आपल्या शेजारच्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी आधी करून दाखवली, २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. खेड्यातली शाळा म्हणून हसणाऱ्यांना सांगायला बरं पडतंय.

प्रश्न: युट्यूबवर मराठीतून दहावीचे ढीगभर व्हिडिओ आहेत, तेच लावून दिले तर चालेल ना?

चालेल, पण बगून. ते व्हिडिओ महाराष्ट्र बोर्डाचे असतात. महाराष्ट्रात दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर, चाळीस-चाळीस मार्कांचे. आपल्याकडं एकच गणित, ८० ची लेखी आणि २० अंतर्गत. आपली गणित-विज्ञानाची पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटीच्या धर्तीवर आहेत, त्यामुळं धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणांची पद्धत वेगळी. महाराष्ट्राच्या बीजगणितात अर्थनियोजन म्हणून जीएसटी आणि शेअरचा आख्खा धडा आहे, तो आपल्याला नाही. एखादं पोरगं आठवडाभर रात्री बसून तो करतंय, मेहनती आहे म्हणून घरचे खूश, आणि पेपरात त्यातलं काहीच येत नाही, असं व्हायला नको.

म्हणून असं करा. आपल्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवायची आणि त्यातला विषय शोधायचा: अंकगणिती श्रेढी, वर्गसमीकरणं, समरूप त्रिकोण, त्रिकोणमिती, संभाव्यता, हे दोन्हीकडं आहे आणि महाराष्ट्राचे व्हिडिओ समजायला फार चांगले आहेत. कल्पना त्यातून समजून घ्यायची, गणितं मात्र आपल्याच पुस्तकातली सोडवायची. विज्ञानाला पण तसंच. शिवाय एनसीईआरटीचे हिंदी-इंग्लिश व्हिडिओ धड्याला धडा जुळतात, हिंदी समजत असेल तर ते जास्त उपयोगी, हा मार्ग पुष्कळ पालकांना सुचतच नाही.

समाज विज्ञानात मात्र फसगत होते. आपल्या पेपरात इतिहास, भूगोल, राज्यशास्त्राबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन पण असतं. व्यवहार अध्ययनाचा दहावीचा व्हिडिओ मराठीत शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. तिथं आपल्या शिक्षकांनीच रेकॉर्ड केलेले ऑडिओ कामाला येतात, पाच मिनिटांचा आवाज, व्हिडिओचं झंझट नाही, एमबी पण कमी. तुमच्या शाळेत कुणी करत नसेल तर विनंती करून बगा, चांगले सर नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: कोरोनात पोरांचं जे गेलं ते भरून निघालं का?

सगळं नाही. २०२० च्या मार्चला शाळा बंद झाल्या, त्यानंतर दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर संवेद म्हणून पाठ सुरू झाले, ते कन्नडात. तिकडं महाराष्ट्राच्या सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली मालिका लागायची, ती मराठीत पण बालभारतीच्या पुस्तकांवर. आपलं पोरगं मधल्यामधे: भाषा कळते त्याचं पुस्तक वेगळं, पुस्तक आपलं त्याची भाषा वेगळी. हायस्कूलच्या पोरांनी कन्नड ऐकून निभावलं, लहानग्यांना काय समजलं असेल देव जाणे. त्यातल्या त्यात विद्यागम म्हणून सरकारी उपक्रम होता, त्यात शिक्षक गल्लीत, देवळात येऊन पाच-दहा पोरांना घेऊन बसायचे, ते खरं कामाला आलं.

२०२१ ची एसएसएलसी तर १९ आणि २२ जुलै अशा दोन दिवसांत, गोल काळे करायच्या ओएमआर शीटवर झाली. २०२० ला पहिलीत असलेली पोरं २०२७ ला आठवीत जातील, त्यांचा वाचनाचा पाया कच्चा राहिलाय काय हे घरी तपासा, चौथीचं पुस्तक काढून एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळत असेल तर ॲप, क्लास सगळं बाजूला ठेवून आधी वाचन.

प्रश्न: आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी बाजूला नेटवर्कच नाही, आम्ही काय करायचं?

पावसाळ्यात तिकडं फोन म्हंजे बॅटरीच, हे मान्य. म्हणून सगळं ऑफलाईन धरून चाला. दीक्षावरचे धडे डाऊनलोड होतात. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या साईटवर मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, ती एकदा उतरवून ठेवली की पुस्तक उशिरा आलं तरी अडत नाही. स्टोरीवीव्हरवर मराठी आणि कन्नड दोन्ही गोष्टी आहेत, डाऊनलोड करून प्रिंट काढल्या तरी चालतात, एकच गोष्ट दोन्ही भाषांत काढून शेजारी शेजारी ठेवली तर पोरांचं कन्नड पण सुधारतं. विज्ञानासाठी फेट म्हणून कोलोराडो विद्यापीठाचे प्रयोग आहेत, मराठीत पण आहेत, त्यातले बरेचसे उतरवून नेटशिवाय चालतात, सर्किट जोडायचं, लंबक हलवायचा. बल्ब पेटला की पोरं ओरडतात बगा.

बाजाराच्या दिवशी खानापूरला कुणीतरी जातंच, एका मेमरी कार्डवर सगळं भरून आणायचं आणि गावभर वाटायचं. शाळेला टीव्ही असेल तर पेन ड्राईव्ह थेट लागतो, कॉम्प्युटर पण नको.

प्रश्न: शाळेत मराठी टायपिंग शिकवतात का?

क्वचित. पण हे घरी शिकण्यासारखं आहे आणि आपल्या भागात याचा एक फायदा आहे जो महाराष्ट्रातल्यांना तेवढा होत नाही. इन्स्क्रिप्ट म्हणून जो कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्हीची अक्षरं त्याच त्याच बटणांवर आहेत. क जिथं मराठीत तिथंच कन्नडात. एकदा बोटं बसली की भाषा बदलायची आणि दुसरी लिपी टाईप करायची. दोन्ही भाषांत टायपिंग येणारं पोरगं या जिल्ह्यात उपाशी राहत नाही, ग्रामपंचायत, वकील, पतसंस्था, सगळ्यांना लागतं. सरकारी ऑफिसात कन्नडसाठी नुडी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात आणि त्याचा कीबोर्ड वेगळा आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

शिक्षकांना पण एक विनंती, प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टातली फाईल फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि पालक रात्री नऊला फोन करत बसतात.

प्रश्न: सॅट्स नंबर, अपार आयडी हे काय असतं, द्यायचं काय?

सॅट्स म्हंजे कर्नाटकात प्रत्येक विद्यार्थ्याचा नंबर, त्यावर प्रवेश, टीसी, मार्क सगळं. शाळा बदलली की तो लागतो. अपार हा देशपातळीवरचा बारा आकडी आयडी, त्याला पालकांची संमती मागतात.

यापेक्षा महत्त्वाचं म्हंजे नावाचं स्पेलिंग. आपल्याकडं नाव मराठी, रजिस्टर कन्नडात, कॉम्प्युटरवर इंग्लिश, आणि आधारवर चौथंच काहीतरी. पाटील चे दोन-तीन अवतार होतात, आडनावातला ळ चा ल होतो, आईच्या नावात एक अक्षर जास्त. नववीत असतानाच शाळेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर बगा, दहावीच्या मार्क कार्डावर एकदा चुकीचं छापून आलं की बेंगळुरूपर्यंत अर्ज.

प्रश्न: घरात एकच फोन, तोही बाबांच्या खिशात. वेळ कसा वाटायचा?

दहावीचं असेल त्याला पहिला मान, मग मोठ्यापासून लहानापर्यंत. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ फोन अभ्यासाचा, तेवढा वेळ त्यावर रील नाही, बाबांचा पण नाही. पोराला फोन देतात आणि पोरीला नाही, असं काही घरांत अजून चालतं, ते बंद करा. पोरगी दहावीला असली तर फोन तिचा.

प्रश्न: पोरं चॅटजीपीटीला विचारून गृहपाठ लिहितात, ओरडू का?

ओरडून थांबणार नाही, व्हाट्सअपमध्येच एआय येऊन बसलंय. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, म्हंजे आता नववी-दहावीत असलेल्या पोरांनी प्राथमिक शाळेत असतानाच त्याचं नाव ऐकलंय. प्रोजेक्टची वही सुंदर भाषेत लिहून येते आणि विचारलं की यातलं अभिसरण म्हंजे काय रे, तर गप्प.

दोन गोष्टी पोरांना समजावून सांगा. एक, त्याला मराठीत विचारलं की ते बहुतेक वेळा महाराष्ट्राच्या अंगानं उत्तर देतं, आपल्या पुस्तकातल्या कर्नाटकच्या इतिहासाला, कदंब, होयसळ, म्हैसूरचे वडियार याला हात लावला की वर्षं आणि नावं छातीठोकपणे चुकवतं. पुस्तकाशी ताडल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. दोन, प्रश्न सोडवून मागू नको, माझं कुठं चुकलं ते विचार. गणित स्वतः सोडवून त्याचा फोटो टाकायचा आणि चौथी पायरी का चुकली ते सांग म्हणायचं. तसं वापरलं तर ट्यूशनच्या सरांसारखं काम करतं, आणि रात्री अकराला पण कंटाळत नाही. नाव, गाव, शाळा, फोटो मात्र त्यात टाकू नका.

शिक्षकांनी पण तोंडी दोन प्रश्न विचारायची पद्धत ठेवली तर निम्मं काम होतं. मार्क वहीला अर्धे, बोलण्याला अर्धे.

प्रश्न: एसएसएलसीला हॉलमध्ये कॅमेरे असतात म्हणे?

होय. २०२४ पासून परीक्षेच्या हॉलमधलं वेबकास्टिंग सुरू झालं, वरून लाईव्ह बगतात. त्याच वर्षी राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही ग्रेस मार्क वाढवून. आपल्या महसुली जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, निकाल वेगवेगळा लागतो, तेव्हा पेपरात वाचताना आपला कुठला ते बगून मग भांडा. प्रामाणिक पोराला कॅमेऱ्याचा काही त्रास नाही. मोबाईल, स्मार्ट वॉच, कॅल्क्युलेटर आत चालत नाही, कॅसिओचं साधं घड्याळ पण नेऊ नका, उगाच दारात वाद.

दहावीसाठी नेटवरचा सगळ्यात कामाचा माल म्हंजे बोर्डाच्याच साईटवरच्या नमुना प्रश्नपत्रिका आणि मागच्या वर्षांचे पेपर, ते उतरवून घड्याळ लावून सोडवायचे. शिवाय आता वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा असते, एकात राहिलं तर वर्ष जात नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पण सांगून ठेवा म्हंजे निकालाच्या दिवशी रडारड होत नाही.

प्रश्न: दहावीनंतर काय, तिथं सगळं इंग्लिशच की.

पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला इंग्लिशच. म्हणून आठवीपासून विज्ञानातला प्रत्येक मराठी शब्द लिहिला की शेजारी इंग्लिश शब्द लिहायची सवय लावा, अपवर्तन लिहिलं की रिफ्रॅक्शन. तीन वर्षांत वहीच डिक्शनरी होते आणि पीयूसीच्या पहिल्या महिन्यात पोरगं सायन्स सोडून आर्ट्सला पळत नाही.

परीक्षेची पद्धत पण दोन राज्यांत वेगळी. बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला जायची आपली केसीईटी कागदावर, ओएमआर शीटवर. महाराष्ट्राची सीईटी कॉम्प्युटरवर. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात प्रवेशाच्या काही जागा असतात, त्यासाठी खूपजण दोन्ही परीक्षा देतात आणि माऊसवर पहिल्यांदा तीन तास बसायला लागलं की वेळ कमी पडतो. सरावाच्या मॉक टेस्ट फोनवर न देता कॉम्प्युटरवर द्या, कुणाच्या ऑफिसात रविवारी बसायला मिळालं तरी बसा.

प्रश्न: मराठी शाळेत हे सगळं कमी आहे म्हणून इंग्लिश मिडियमला घालू का?

स्मार्ट बोर्ड बगून शाळा निवडत असाल तर नको. कॉन्व्हेंटमध्ये भिंतीवर पंच्याहत्तर इंची टीव्ही असतो आणि पोरगं समोर बसून न कळणाऱ्या भाषेतलं बगत असतं, घरी कुणाला ते समजावता येत नाही, मग सहा हजाराची ट्यूशन. दुसरी कारणं असतील तर तुमचा निर्णय, त्यात मी पडणार नाही. पण लॅब बघायला गेलात तर कीबोर्ड झिजलेत काय ते बगा. अक्षरं पुसलेली असली तर समजायचं पोरं वापरतात.

प्रश्न: पुण्याला असतो, गावच्या शाळेला जुना लॅपटॉप द्यायचा आहे, कसा देऊ?

द्या, पण चार्जर सकट, आणि बॅटरी अर्धा तास तरी टिकते काय ते बगून. आतलं तुमचं सगळं पुसा. जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लुबुंटूसारखी हलकी लिनक्स टाकली तर व्यवस्थित चालते, लायसन्सचा पण प्रश्न नाही. गणितासाठी जियोजेब्रा, प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच, पुस्तकांच्या पीडीएफ आणि दोन-चार डझन मराठी गोष्टी टाकूनच पाठवा, शाळेत गेल्यावर कुणी टाकणार नाही. एसडीएमसीच्या रजिस्टरला नोंद करून घ्या, त्यावर हेडमास्तरांची सही. दिवाळीला गावी आलात की एकदा चालू करून बगा आणि चार्जरची पिन हललेली असली तर खडेबाजारातनं दुसरा घेऊन द्या, त्या तीनशे रुपयासाठी लॅपटॉप वर्षभर पडून राहतो.